चाकणच्या गिअर कारखान्यातली इंटर्नशिप: मुलींच्या हातात पाना देतात का?

शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप मी चाकण एमआयडीसीतल्या एका गिअर कारखान्यात केली. ट्रॅक्टरच्या आणि तीनचाकी गाड्यांच्या गिअरबॉक्सला लागणारे गिअर आणि शाफ्ट तिथे बनतात. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि पुढच्या वर्षी आमच्या ज्युनियर मुली तिथेच अर्ज करणार आहेत. आमच्या कॉलेजच्या असाल तर माझा रिपोर्ट प्लेसमेंट सेलमध्ये आहे, त्यावर नाव सापडेल. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. या कंपनीने मला नोकरीची ऑफर दिली आहे आणि मी ती घेतली आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

माझं मत विचाराल तर नक्की जा. गिअर शॉपमध्ये मुलीला खरं काम मिळतं. हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे गिअर भट्टीत तापवून कडक करण्याच्या विभागात, ते आपोआप मिळत नाही, पहिल्या आठवड्यापासून मागावं लागतं.

सोयींचं थोडक्यात आटपते. स्टायपेंडमध्ये मोशीतल्या पीजीचं भाडं आणि मेस भागते, हातात फारसं काही उरत नाही. कंपनीची बस भोसरी-मोशीमार्गे येते. तळेगाव चौकातल्या गर्दीमुळे संध्याकाळी परतायला किती वाजतील याचा भरवसा नाही. कँटीनचं जेवण चांगलं आहे, भाकरीसुद्धा मिळते.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी एका वेगळ्या वर्कशॉपमध्ये इन-प्लांट ट्रेनिंग केलं होतं. तिथले सगळे लोक वागायला फार चांगले होते. पहिल्याच दिवशी मला खुर्ची आणून दिली, फॅन माझ्याकडे वळवला, चहा जागेवर आला. माझ्याबरोबरच्या दोन मुलांना मात्र सुपरवायझरने "चला रे" म्हणून प्रेस शॉपमध्ये नेलं. ट्रेनिंग संपलं तेव्हा त्या दोघांना डाय (प्रेसमधला साचा) कशी बदलतात, बोल्ट कोणत्या क्रमाने सैल करायचे, क्लॅम्प कुठे सरकतो हे सगळं माहीत होतं. मी इन्स्पेक्शन रिपोर्ट एक्सेलमध्ये भरले होते आणि ५एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचे, फलक रंगवले होते. सर्टिफिकेट तिघांनाही सारखंच मिळालं. कोणी अपशब्द बोललं नव्हतं, कोणी वाईट नजरेने पाहिलं नव्हतं, तक्रार करावी असं काही घडलंच नव्हतं. तरीही शिकण्याच्या संधीत आम्हा तिघांत मोठं अंतर पडलं होतं, आणि ते त्या खुर्चीमुळे पडलं होतं. तेव्हापासून कोणत्याही ट्रेनिंगबद्दल मी एकच गोष्ट बघते. मशीन बंद पडली की पाना कोणाच्या हातात देतात?

या कसोटीवर चाकणचं गिअर शॉप उत्तम उतरलं. कारण तसं साधंच आहे. शॉपच्या फळ्यावर रोटेशनचा चार्ट लावलेला असतो. हॉबिंग, शेपिंग, शेव्हिंग, ब्रोचिंग या गिअर कापण्याच्या आणि सफाईच्या प्रक्रिया आणि शेवटी गिअर तपासणीची लॅब. प्रत्येक ट्रेनीचं नाव प्रत्येक रकान्यात फिरतं आणि आठवड्याच्या शेवटी सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, त्यापुढे सही करतो. सही नुसत्या हजेरीची नसते, "स्वतः सेटिंग केलं" याची असते. सेटिंग केलं नसेल तर रकाना रिकामा राहतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये तो सगळ्यांना दिसतो.

हॉबिंगचे सेटर मामा निवृत्तीला आले आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "केस बांधलेत? अंगठी काढली? मग या इकडे." एवढंच. मशीन बंद, मेन स्विचला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडणारं साधन, बसवायचं, मापाचा डायल लावायचा, हाताने हळूहळू फिरवत रनआउट (फिरताना येणारा डगमग) बघायचा, नायलॉनच्या हातोडीने टिचक्या मारत तो मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आत आणायचा. मामा बाजूला हात मागे बांधून उभे राहायचे. माझ्या हातून हातोडी घेण्याचा मोह त्यांना होत असेलच, पण त्यांनी ती कधी घेतली नाही. हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांच्या गिअरसाठी हॉबचं (दात कापणाऱ्या हत्याराचं) डोकं किती अंशात झुकवायचं हे आम्ही पेपरात लिहिलेलं असतं: गिअरचा हेलिक्स अँगल (दातांचा तिरकेपणा) आणि हॉबचा लीड अँगल (त्याच्या आट्यांचा तिरकेपणा), दोघांची दिशा एक असेल तर वजाबाकी, उलट असेल तर बेरीज. पण पहिला जॉब कापून झाल्यावर त्याच्या दातांत पिना ठेवून मायक्रोमीटरने मापं घेतली आणि ती ड्रॉइंगच्या मर्यादेत बसली, तेव्हा ते सूत्र पहिल्यांदा माझं झालं.

जड फिक्स्चरचा प्रश्न सगळ्यांना पडतो. "मुलीला उचलेल का?" मामांचं म्हणणं असं की एवढं वजन मुलानेही उचलायचं नाही, त्यासाठी वर हॉइस्ट, म्हणजे वजन उचलणारं यंत्र, आहे. आणि ते खरंच कोणालाच हाताने उचलू देत नाहीत. हॉइस्टचा पेंडंट (बटणांचा कंट्रोल) हातात धरायला शिकवणं हा त्यांच्या पहिल्या दिवसाच्या पाठाचा भाग आहे. ताकदीचं कारण पुढे करून मुलींना बाजूला बसवणाऱ्या प्रत्येक शॉपने हे बघायला हवं. ज्या कामात माणसाच्या पाठीवर एवढा भार पडतो ते काम मुळातच चुकीच्या पद्धतीने चाललेलं असतं.

दुसरं कारण कायद्याचं सांगतात. आधीच्या वर्कशॉपमध्ये मलाही सांगितलं होतं, "लेडीजना मशीनला हात लावू द्यायचा नाही, फॅक्टरी ॲक्ट आहे." मी नंतर ते कलम काढून वाचलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २२ व्या कलमात स्त्रियांना आणि अल्पवयीनांना एकाच वाक्यात घातलं होतं, पण मनाई होती ती हलत्या भागापासून इजेचा धोका असताना साफसफाई, वंगण किंवा ॲडजस्टमेंट करण्याची. मेन स्विचला कुलूप लावून उभ्या असलेल्या मशीनवर सेटिंग करू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं ४३ वं कलम तर सरळ सांगतं की स्त्रियांना सर्व आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांवर नेमता येईल. इंटर्नशिपला जाणाऱ्या प्रत्येक मुलीने ही दोन कलमं वाचून जावीत. वाद घालण्यासाठी म्हणत नाही. समोरचा माणूस बहुतेक वेळा मनापासून तसं समजत असतो, आणि त्याला कलम दाखवलं की तो वाचतो.

हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही. ए. ललिता १९४३ साली मद्रासजवळच्या गिंडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या. देशातल्या पहिल्या स्त्री इंजिनीअर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. अठराव्या वर्षी वैधव्य आलेलं, पदरात लहान मुलगी. त्यांनीही जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली होती. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी इंजिनांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात एका मुलीसाठी जागा निघू शकली. आणि आपल्या पिंपरीची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्या तिथे इंजिनीअर म्हणून रुजू झाल्या. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात पूर्ण असेंब्ली लाईन महिला चालवतात. म्हणून आजही कोणी "आमच्याकडे मुलींची पद्धत नाही" म्हणालं की मला ते पटत नाही. पद्धत पाडायला या गावात पुरेसा वेळ मिळाला आहे.

आता हीट ट्रीटमेंट. इथे माझं मन नाराज आहे.

या विभागात चार्ट नाही. कोणाला काय शिकवायचं हे इन्चार्ज साहेब तोंडी ठरवतात. साहेब ज्ञानी आहेत, कार्बरायझिंगबद्दल, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवण्याबद्दल, त्यांनी मला जे सांगितलं ते पुस्तकात सापडणार नाही. पण सगळं केबिनमध्ये बसून सांगितलं. भट्टीजवळ उष्णता असते, तेल असतं, "तुम्ही इथूनच बघा" असं म्हणत ते काचेतून दाखवायचे. मुलं मात्र चार्ज (भट्टीत एकदम जाणारा गिअरचा लॉट) लावत होती, क्वेंच ऑइलचं (तापलेले गिअर बुडवायच्या तेलाचं) तापमान नोंदवत होती, कडकपणा कमी भरला की कार्बन पोटेन्शियलचा (भट्टीतल्या वायूच्या कार्बन देण्याच्या क्षमतेचा) आलेख उलगडून कारण शोधत होती. मी मागितल्यावर मलाही नेलं, पण प्रत्येक वेळी मागावं लागलं. चांगला माणूस आणि चांगली पद्धत यांतला फरक मला या एकाच कारखान्यात पन्नास पावलांच्या अंतरावर बघायला मिळाला. गिअर शॉपमध्ये मामा रजेवर असले तरी चार्ट काम करत होता.

भट्ट्या चोवीस तास चालतात आणि सगळ्यात शिकण्यासारखे घोटाळे रात्रपाळीत होतात. मुलांना रात्रपाळी लागली, मला लागली नाही. मी एचआरकडे गेले तेव्हा आधी सांगण्यात आलं, "वडिलांचं संमतीपत्र आणा." माझे वडील बार्शीत किराणा दुकान चालवतात, माझ्या रात्रपाळीला त्यांचा विरोध नव्हता, पत्र एका फोनवर आलं असतं. पण मी सज्ञान आहे, इंटर्नशिपच्या करारावर सही माझी आहे आणि बरोबरच्या मुलांकडून असं पत्र मागितलेलं नव्हतं. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम करायला स्त्रीची संमती हवी, सुरक्षेची आणि वाहतुकीची सोय हवी, हे योग्यच आहे. पण ती संमती तिची स्वतःची असते. मी एवढंच लेखी लिहून दिलं. एचआरच्या मॅडमनी ते वाचलं, वरती विचारलं आणि माझी सही मान्य केली. बसचा रूट बदलून मला पीजीच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था झाली. यात बरेच आठवडे गेले, त्यामुळे रात्रपाळी मला अगदी शेवटी मिळाली. त्याच पाळीत एका चार्जचा कडकपणा कमी आला आणि भट्टीतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन प्रोब, खोटं वाचतोय हे आम्ही मिळून शोधून काढलं. त्या रात्री जे शिकले त्याच्यावर माझा प्रोजेक्ट उभा राहिला.

ज्या गोष्टी कोणी बोलत नाही त्या आता बोलते. महिलांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत आहे. भट्टीपासून तिथे जाऊन यायला चहाची अख्खी सुट्टी जाते. मुली मग पाणी कमी पितात, आणि तेही हीट ट्रीटमेंटसारख्या ठिकाणी. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावीत हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १९ व्या कलमात पहिल्यापासून होतं, आणि कागदावर ती इथेही आहेत. कागदावर अंतर लिहिलेलं नसतं. कँटीनजवळ एक स्वच्छतागृह कुलूपबंद होतं, त्याची किल्ली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये. प्रत्येक वेळी गेटवर जाऊन किल्ली मागायची म्हणजे काय, हे मुलींना सांगायला नको. आम्ही कंत्राटी महिलांसोबत सेफ्टी कमिटीकडे सह्यांचा अर्ज दिला. कुलूप निघालं, आतून कडी बसली, पॅडसाठी झाकणाचा डबा आला. हा अर्ज खरं तर त्या महिलांनी कितीतरी आधी द्यायला हवा होता असं कोणी म्हणेल. कंत्राटावरच्या बाईला उद्याच्या कामाची खात्री नसते, तिने कशाच्या बळावर लिहायचं? कॉलेजचं पत्र पाठीशी असलेल्या आम्हा ट्रेनींनी ते लिहिलं याचं मला समाधान आहे.

सेफ्टी शूजचा सगळ्यात लहान नंबर सहा होता. माझा चार. दोन जोडी मोजे घालून चालायचं ठरवलं तर तेलकट जमिनीवर बूट पायातच फिरतो, म्हणजे सुरक्षेसाठी दिलेली वस्तूच धोका होते. जॅकेटच्या बाह्यांचंही तेच, सैल बाही फिरत्या स्पिंडलजवळ नेणं म्हणजे अपघाताला बोलावणं. मामांनी पहिल्याच दिवशी माझ्या बाह्या बघून मला टेलरकडे पाठवलं. बूट यायला मात्र वेळ लागला. माझा सल्ला असा की जॉइनिंगच्या ईमेलमध्येच आपला नंबर लिहून कळवा, आणि शक्य असेल तर आयएस १५२९८ चा (सेफ्टी शूजच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेले स्वतःचे बूट घेऊन जा. खर्च टोचतो, पण पाय आपला आहे.

इंडक्शनबद्दल एक मोठी हरकत आहे. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याची माहिती देणारं सत्र फक्त मुलींसाठी ठेवलं होतं. माहिती चांगली होती. २०१३ च्या कायद्यात ट्रेनी आणि ॲप्रेंटिस यांनाही कर्मचारी मानलं आहे, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, अंतर्गत समितीच्या अध्यक्षपदी स्त्रीच असते, हे सगळं नीट समजावलं. समितीच्या सदस्यांची नावं कँटीनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावली आहेत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. पण आम्ही त्या खोलीत असताना मुलांना शॉप दाखवायला नेलं होतं. परत आले तेव्हा त्यांच्या ऑपरेटरांशी ओळखी झालेल्या. कसं वागावं हे ज्यांनीही ऐकायला हवं होतं त्यांनी ते ऐकलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं त्यांची शॉपमधली पहिली ओळख हुकली. जागृती सगळ्या कर्मचाऱ्यांची करायची असं कायद्यातही आहे. मी हे फीडबॅकमध्ये लिहिलं आणि पुढच्या बॅचचं सत्र सगळ्यांचं एकत्र होईल असं मला सांगण्यात आलं आहे. जाणाऱ्यांनी तपासून बघा.

मुलांनीही वाचावं असा भाग हा. माझ्याबरोबरच्या एका मुलाला मापन फार आवडतं. त्याला थ्री-डी मोजमापाच्या सीएमएम मशीनवर काम करायचं होतं. हीट ट्रीटमेंटच्या साहेबांनी त्याला लॅबमध्ये जाऊ दिलं नाही, "ते मुलींचं काम, तू भट्टीवर चल" म्हणाले. पाठीच्या दुखण्याबद्दलही तो बोलायला तयार नव्हता, मुलगा असून दुखतं कसं म्हणायचं. मुलींना केबिनमध्ये बसवणारा आणि त्याला भट्टीवर ढकलणारा विचार एकच आहे. गिअर शॉपच्या चार्टमुळे त्यालाही लॅबचा आठवडा मिळाला आणि तो आठवडा त्याने सोन्यासारखा वापरला.

जॉइनिंग फॉर्मवर स्त्री आणि पुरुष यांच्यापुढे तिसरा रकाना आहे. २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे, त्यामुळे तो असायलाच हवा. पण त्या रकान्यावर खूण करणाऱ्या विद्यार्थ्याने कपडे कुठे बदलायचे, कोणतं स्वच्छतागृह वापरायचं, बसमध्ये कुठे बसायचं, याचं उत्तर एचआरकडे नव्हतं. मी विचारलं तेव्हा "अजून कोणी आलं नाही" असं सांगितलं. उत्तर तयार नसेल तर कोणी येणारही नाही. हे काम त्यांनी आत्ताच करायला हवं.

नोकरीच्या मुलाखतीत मला "लग्नानंतर पुण्यात राहणार का?" असं विचारलं. मी शांतपणे विचारलं की हा प्रश्न सगळ्यांना आहे का. पॅनेलवरच्या प्रॉडक्शनच्या मॅडमनी तो प्रश्न तिथेच बाजूला ठेवला आणि हॉबचं आयुष्य कसं ठरवतेस ते विचारलं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी जॉइन झाल्यावर पहिल्यांदा हीट ट्रीटमेंटचा चार्ट मागणार आहे, आणि साहेबांना तसं सांगितलंही आहे. त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

गुण द्यायचेच तर गिअर शॉपला पाचपैकी पाच, हीट ट्रीटमेंटला दोन, सोयींना तीन. अर्ज करताना कॉलेजच्या सरांना सांगून कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागवा: रोटेशनचा चार्ट, तुमच्या मापाचे बूट आणि रात्रपाळीची संमती कोणाच्या सहीने घेणार ते. रात्रपाळी हवी असेल तर एचआरला पहिल्याच आठवड्यात पत्र द्या, बसचा रूट ठरायला वेळ लागतो.